काळेपणा झाकता येतो, सूज उतरवावी लागते

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: लग्न डिसेंबरात, कोल्हापूरला. मुहूर्त सकाळचा, सव्वादहाच्या आसपास. नोकरी पुण्यात, तीही रात्रपाळीची. डोळ्यांखाली काळं कॉलेजपासूनच आहे, वडिलांनाही तसंच आहे, आणि झोपून उठलं की पिशव्या येतात. मेकअपच्या ट्रायलच्या दिवशी तुम्हाला दोन शेड उजळ कन्सीलर, म्हणजे डाग-काळेपणा झाकायचा मेकअप, जाड थरात लावला गेला. पार्लरच्या आरशात छान वाटलं, पण घरी येऊन फोटो पाहिले तर डोळ्यांखाली राखाडी पट्टा, आणि पिशव्या एरवीपेक्षा मोठ्या. म्हणून तुम्ही विचारताय, याहून जास्त कव्हरेजचा कन्सीलर कोणता घेऊ?

माझं उत्तर: कोणताच घेऊ नका. मी आधी नाटकाच्या रंगभूषेत होते, आता बरीच वर्षं नवरींचे मेकअप करते, आणि हीच तक्रार घेऊन येणाऱ्या मुली दर सीझनला भेटतात. तुमची अडचण कव्हरेज कमी पडल्याची नाही. तुमच्या डोळ्यांखाली दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींवर एकच इलाज केला गेलाय. एक आहे रंग, दुसरा आहे आकार. मेकअपने रंग बदलता येतो. उंचवटा सपाट करता येत नाही. उलट उंचवट्यावर उजळ रंग चढवला की तिथे प्रकाश जास्त पडल्यासारखं दिसतं आणि तो आणखी पुढे येतो. नाक उठून दिसावं म्हणून नाकाच्या दांडीवर आम्ही हायलायटर लावतो, तेच तुमच्या पिशव्यांच्या बाबतीत नकळत झालंय.

चेहरा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मी शेडचा नंबर सांगणार नाही. फोटोत रंग बदलतात. पण काळेपणा कुठल्या प्रकारचा आहे हे तुम्ही स्वतः घरी तपासू शकता, आणि पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. दिवसा खिडकीसमोर आरसा घेऊन बसा, चेहऱ्यावर काही नको. खालची त्वचा बोटाने अगदी हलकेच गालाकडे ताणा. ताणल्यावरही तपकिरी रंग तसाच राहिला तर तो त्वचेतलाच रंग, म्हणजे पिगमेंटेशन. ताणल्यावर निळसर-जांभळी छटा वाढली तर पातळ त्वचेतून खालच्या रक्तवाहिन्या आणि स्नायू दिसताहेत. डोळ्यांखालची त्वचा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची असते, त्यामुळे असं दिसणं साहजिक आहे. आणि ताणल्यावर किंवा चेहरा उजेडाकडे वर उचलल्यावर काळेपणा जवळजवळ नाहीसा झाला, तर तो रंग नव्हताच. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून गालाकडे जी खाच उतरते, तिची सावली होती.

आपल्याकडच्या गव्हाळ, सावळ्या त्वचेत बहुतेक वेळा हे तिन्ही थोडं थोडं असतं. वडिलांनाही आहे म्हणता, त्यावरून तुमच्यात पिगमेंटेशन आणि खाच दोन्ही घराण्यातून आलेली असावीत असा माझा अंदाज आहे. तसं असेल तर एक गोष्ट आताच मान्य करून टाका: कुठल्याही क्रीमने महिन्या-दोन महिन्यांत ते जाणार नाही. झोप भरून काढलीत तर चेहऱ्याचा फिकटपणा कमी होईल, त्यामुळे काळेपणा थोडा कमी उठून दिसेल, एवढंच.

पिशव्यांचीही तशीच तपासणी करा. सकाळी उठल्या उठल्या एक फोटो, दुपारी त्याच खिडकीत दुसरा. दुपारपर्यंत उतरत असतील तर ते पाणी आहे. आपण आडवे असतो तेव्हा शरीरातलं पाणी डोळ्यांभोवतीच्या सैल भागात साठतं आणि उभं राहून वावरू लागलो की ओसरतं. दिवसभर तशाच राहत असतील तर ती डोळ्यांखालची चरबी पुढे आलेली आहे, तिला थंड चमचे लावून काही होत नाही. तुम्ही 'झोपून उठलं की' असं लिहिलंय, म्हणून तुमची बरीचशी सूज पाण्याची आहे असं धरून पुढचं लिहिते.

मेकअपकडे वळण्याआधी एक सांगायलाच हवं. सूज पापण्यांपुरती नसेल, पायांवरही येत असेल, लघवीला फेस येत असेल, वजन उगाच वाढत असेल किंवा फार थकवा असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा. थायरॉईड आणि मूत्रपिंडाच्या तक्रारी डोळ्यांभोवती सूज म्हणून दिसू शकतात. डोळे सतत खाजत असतील तर अ‍ॅलर्जी असू शकते, आणि चोळून चोळून काळेपणा वाढतो. हिमोग्लोबिनही तपासून घ्या. आपल्या मुलींमध्ये ते कमी असणं इतकं सर्रास आहे की तपासणीशिवाय मी कुणालाच 'फक्त जागरणामुळे आहे' असं म्हणत नाही.

आता राखाडी पट्टा. तपकिरी-जांभळ्या काळेपणावर थेट उजळ बेज रंग लावला की खालचा रंग त्यातून डोकावतो आणि दोन्ही मिळून राख फासल्यासारखं दिसतं. थर वाढवला तरी राखच जाड होते. म्हणून आधी काळेपणाचा रंग निष्प्रभ करायचा. रंगचक्रात निळ्यासमोर नारिंगी असतो. नारिंगी रंग निळसरपणा खाऊन टाकतो. गोऱ्या त्वचेला पीच पुरतो, गव्हाळ रंगाला नारिंगी लागतो, सावळ्या आणि गडद रंगाला विटकरीकडे झुकणारा नारिंगी-लाल. बाजारात याला करेक्टर म्हणतात. आमच्या व्यवसायात क्रायोलॉनच्या काड्या आणि पॅलेट पूर्वीपासून चालत आल्या आहेत. ही १९४५ साली बर्लिनमध्ये सुरू झालेली, रंगभूमी आणि सिनेमासाठी मेकअप बनवणारी कंपनी. आता मात्र साध्या दुकानातही नारिंगी करेक्टर सहज मिळतो आणि तो महागाचाच हवा असं अजिबात नाही.

लाल लिपस्टिक डोळ्यांखाली लावण्याची युक्ती तुम्ही पाहिली असेल. अमेरिकेत मेकअपचे व्हिडिओ करणाऱ्या दीपिका मुत्याला यांच्या २०१५ सालच्या व्हिडिओनंतर ती घरोघरी पोचली. तत्त्व अगदी बरोबर आहे, आणि आमच्यासारख्या रंगाच्या मुलींना करेक्टर म्हणजे काय हे त्या व्हिडिओने कळलं, याचं मला फार कौतुक वाटतं. तरी लग्नाच्या दिवशी लिपस्टिक वापरू नका. ओठांसाठी चालणारे काही लाल रंग डोळ्यांच्या भागासाठी अमेरिकेत मंजूर नाहीत, शिवाय लिपस्टिक तेलकट असते, ती घसरते.

करेक्टर कसा लावायचा ते नीट सांगते, कारण सगळं इथेच जमतं किंवा बिघडतं. मोहरीच्या दाण्याएवढा करेक्टर हाताच्या मागच्या बाजूला घ्या आणि बोटाने घोळून ऊब द्या. चपट्या, लहान ब्रशने तो फक्त जिथे काळं आहे तिथेच ठेवा. बहुतेकींचं सर्वात गडद काळं आतल्या कोपऱ्यात आणि त्या खाचेत असतं. बाहेरच्या कोपऱ्याकडे ते विरत जातं. पापण्यांच्या केसांना चिकटून लावू नका, दोन-तीन मिलिमीटर जागा मोकळी सोडा. मग अनामिकेने थापटायचं, ओढायचं नाही. अनामिकेचा दाब आपसूक कमी पडतो म्हणून ती. थापटून झाल्यावर नारिंगी रंग दिसेनासा होतो आणि डोळ्यांखाली गालाच्या रंगाशी मिळताजुळता, किंचित ऊबदार तपकिरी रंग उरतो. नारिंगी अजून स्पष्ट दिसत असेल तर तो जास्त झालाय. टिश्यूने दाबून कमी करा. निळसर-राखाडी झाक अजून दिसत असेल तर फक्त तेवढ्या जागी आणखी एक ठिपका. यानंतर एक मिनिट थांबायचं. त्या मिनिटात भुवया करा. घाईने लगेच वरचा थर दिला की करेक्टर त्यात मिसळतो आणि सगळं नारिंगी होतं.

कन्सीलर तुमच्या त्वचेच्याच शेडचा हवा. शेड मनगटावर पाहू नका, जबड्याच्या कडेला लावून उजेडात पाहा. करेक्टर बरोबर बसला असेल तर कन्सीलर इतका कमी लागतो की पहिल्यांदा पाहणाऱ्या मुलींना 'झालं एवढंच?' असं वाटतं. ओलसर स्पंजने दाबून बसवायचा. डोळ्यांखाली उलटा त्रिकोण काढून तो उजळ कन्सीलरने भरण्याची जी पद्धत आहे, ती सपाट आणि घट्ट त्वचेवर शोभते. पिशव्या असणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

पिशवीचं गणित असं: फुगलेल्या भागाच्या खाली एक सावलीची रेघ असते. पिशवी दिसते ती त्या रेघेमुळे. म्हणून उजळ रंग त्या रेघेतच भरायचा, तोही फक्त अर्धी शेड उजळ, आयलायनरच्या ब्रशसारख्या बारीक ब्रशने. हनुवटी छातीकडे झुकवून आरशात वर पाहिलंत की रेघ स्पष्ट दिसते. रेघ काढा आणि तिच्या खालच्या कडेला थापटून मिसळा. वरच्या कडेला, म्हणजे पिशवीवर, उजळ रंग चढू देऊ नका. पिशवीवर नेहमीच्या शेडचा मॅट कन्सीलर, पातळ. चमकदार काहीही डोळ्यांखाली नको. एवढं केल्यावर समोरून पाहताना पिशवी बरीच कमी जाणवेल. बाजूने पाहिलं तर ती असेलच. कुणी ती 'गायब' करून देण्याचं वचन देत असेल तर विश्वास ठेवू नका.

पावडरने पुष्कळ चांगले बेस खराब झालेले मी पाहिलेत. डोळ्यांखाली भरपूर पावडर टाकून दहा मिनिटं ठेवायची पद्धत कोरड्या किंवा रेषा असलेल्या त्वचेवर वापरली की दोन तासांत तिथे भेगा पडतात. आधी वर पाहा, साठलेला कन्सीलर बोटाने सपाट करा, आणि लगेच अगदी बारीक दळाची पावडर लहान पफने दाबा, झटकून उरेल तेवढीच. पांढरी 'एचडी' पावडर सिलिकाची असेल आणि जास्त झाली तर फ्लॅशच्या फोटोत पांढरे डाग उमटतात. ट्रायलला अंधाऱ्या खोलीत फोनचा फ्लॅश लावून एक फोटो काढलात की लगेच कळेल.

आता तुमच्यासाठी सर्वात महत्त्वाचं, ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही: वेळ. सव्वादहाचा मुहूर्त म्हणजे पहाटे पाच-साडेपाचला तुम्ही मेकअपच्या खुर्चीत. म्हणजे दिवसातली सगळ्यात जास्त सूज असते नेमक्या त्याच वेळी तुमचा चेहरा रंगवला जाणार. आणि आदल्या दिवशी हळद, पाहुणे, जागरण, रडणं, आणि कोल्हापूरला पाहुणे म्हटल्यावर तांबडा-पांढरा रस्सा होणारच. मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं. त्या रात्री तुम्ही साधा वरणभात खा, लोणचं-पापड टाळा, आणि कुणी आग्रह केला तर आईला पुढे करा. पाणी कमी पिऊ नका, उलट दिवसभर नीट प्या. झोपताना डोक्याखाली दोन उशा घ्या आणि पालथं झोपू नका.

पहाटे मेकअपच्या वेळेआधी तासभर तरी उठा आणि झोपून राहू नका. आंघोळ करा, चाला, घरात वावरा. स्टीलचे दोन चमचे रात्री फ्रिजमध्ये ठेवलेले असू द्या, फ्रीझरमध्ये नव्हे. चमच्याची बाहेरची फुगीर बाजू डोळ्यांखाली टेकवायची, गरम झाला की दुसरा, असं दहा मिनिटं. चमचे नसतील तर गार पाण्यात पिळलेला सुती रुमाल. बर्फ थेट त्वचेवर नको. मग थोडं मॉइश्चरायझर घेऊन अनामिकेने आतल्या कोपऱ्यातून कानशिलाकडे अगदी हलका हात फिरवा. कॅफिन असलेलं सीरम रक्तवाहिन्या थोड्या आकसवतं, त्यामुळे सकाळपुरता फरक पडतो. वापरायचं तर आजपासून वापरून पाहा, लग्नाच्या सकाळी पहिल्यांदा नको. जाड आय क्रीम मात्र त्या सकाळी टाळा, त्यावर कन्सीलर तरंगतो.

तुमच्या आर्टिस्टना एक विनंती करा: डोळ्यांखालचा भाग सर्वात शेवटी करायला सांगा. आधी केस, शालू नेसणं, डोळ्यांच्या वरचा मेकअप, बेस. तोवर दीड-दोन तास तुम्ही सरळ बसलेल्या असता आणि सूज बरीच ओसरते. आधी फुगलेल्या त्वचेवर कन्सीलर बसवला आणि नंतर सूज उतरली, की तोच कन्सीलर सुरकुत्यांत गोळा होतो. मी सकाळच्या मुहूर्तांना नेहमी याच क्रमाने जाते.

रात्रपाळीचं काय? पहाटे पाच ही तुमच्या शरीरासाठी कामाच्या शेवटाची वेळ, झोपेतून उठण्याची नव्हे. लग्नाच्या आदल्या दिवशी सुट्टी घेऊन ते घड्याळ फिरत नाही. जमलं तर आठ-दहा दिवस आधीपासून दिवसपाळी किंवा रजा मागा. नाहीच जमलं, तर निदान रोज ठरलेल्या वेळी, अंधार करून, सलग झोपा. सुट्टी मिळणं तुमच्या हातात किती आहे हे मला माहीत नाही, पण कन्सीलरवर खर्च करायचे पैसे आणि ताकद इकडे लावलीत तर फरक जास्त दिसेल.

काही गोष्टी अजिबात करू नका, आणि इथे मी कडक बोलणार आहे. मेडिकलमधून 'गोरं होण्याची' ट्यूब आणून डोळ्यांखाली लावू नका. यातल्या कित्येक ट्यूबमध्ये बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोलसारखी स्टेरॉइड असतात. त्यांनी सुरुवातीला रंग उजळल्यासारखा वाटतो, पण त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या उठून दिसतात, आणि डोळ्यांजवळ फार दिवस वापरल्यास डोळ्यातला दाब वाढण्याचा आणि मोतीबिंदूचा धोका असतो. मैत्रिणीच्या सांगण्यावरून अशा ट्यूब वापरून चेहरे बिघडलेल्या मुली माझ्यासमोर बसल्या आहेत आणि त्यांना लग्नाच्या तोंडावर काय सांगावं हे मला कळत नाही. लिंबूही नको, तिथली त्वचा भाजते. बटाट्याच्या आणि काकडीच्या चकत्या गार असतात म्हणून बऱ्या वाटतात, हरकत नाही. रेटिनॉल, म्हणजे अ जीवनसत्त्वाचं क्रीम, आत्ताच सुरू करायचा विचार असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना विचारून करा. त्याने त्वचेच्या साली निघायला लागल्या की त्यावर कुठलाच बेस बसत नाही. आणि कुणी खाचेत फिलर, म्हणजे खाच भरून काढणारं इंजेक्शन, घ्यायचं सुचवलं तर ते काम फक्त त्यातल्या अनुभवी डॉक्टरांचं आहे. काळेनिळे डाग पडू शकतात, क्वचित दृष्टीलाही धोका पोचतो. लग्नाच्या तोंडावर आणि पार्लरमध्ये तर मुळीच नाही.

काजळाबद्दल दोन शब्द. खालच्या पापणीच्या आत भरून काजळ घातलं की तासाभरात ते खाली उतरतं आणि केलेल्या मेहनतीवर पाणी. काजळ वरच्या पापणीच्या आत, खाली फक्त बाहेरच्या टोकाला तपकिरी पेन्सिल, आणि वरच्या पापण्यांना मस्कारा. डोळा मोठा दिसतो आणि बघणाऱ्याची नजर वर राहते. रोजचं काजळही झोपताना पूर्ण निघालं पाहिजे. कापसावर थोडं खोबरेल तेल घेऊन डोळा मिटून तसाच काही सेकंद धरायचा, मग एकदाच पुसायचं आणि चेहरा धुवायचा. घासून काजळ काढायची सवय हे अनेकींच्या काळेपणामागचं एक कारण असतं.

उजेडाचंही बोला, फोटोग्राफरशी. हॉलमध्ये दिवे छतात असतात आणि वरून पडणारा उजेड खाच खोल करतो. तोच चेहरा खिडकीसमोर वेगळा दिसतो. व्हिडिओचा दिवा चेहऱ्याच्या उंचीच्या किंचितच वर ठेवायला आणि विधींच्या वेळी समोरून मऊ उजेड द्यायला सांगितलंत तर कुठल्याही कन्सीलरपेक्षा जास्त उपयोग होईल. होमाजवळ बसल्यावर तुम्ही खाली पाहणार, धूर येणार, डोळ्यांतून पाणी येणार, हे फोटोग्राफरनाही माहीत असतं. फक्त त्यांना आधी सांगून ठेवायला हवं.

तर पुढच्या ट्रायलला हे मागा: नारिंगी करेक्टर फक्त काळ्यावर, त्वचेच्याच शेडचा पातळ कन्सीलर, उजळ रंग केवळ पिशवीखालच्या रेघेत, नखभर पावडर. आणि ट्रायल सकाळी लवकर ठेवा, रात्रपाळी करून आल्यावर नव्हे आणि दुपारी सूज उतरल्यावरही नव्हे. लग्नाच्या दिवशीसारखाच चेहरा आर्टिस्टसमोर असायला हवा. थोडा काळेपणा राहिला तर राहू द्या असंही त्यांना सांगा. डोळ्यांखालचा भाग गालापेक्षा किंचित गडद असणं नैसर्गिक आहे. तो पूर्ण पुसला की चेहरा मुखवट्यासारखा दिसतो.

पाठवणीला रडू येणारच, ते आवरू नका. करवलीकडे एक छोटी पिशवी देऊन ठेवा: टिश्यू, कोरडा स्वच्छ स्पंज, लहान पफ, करेक्टर नको. डोळे पुसायचे नाहीत, टिश्यूचं टोक खालच्या पापणीला लावून पाणी टिपायचं. मग कोरड्या स्पंजने साठलेला कन्सीलर थापटून सपाट करायचा, आणि पफला आधीच लागलेल्या पावडरीने एकदाच दाबायचं. वर नवीन पावडर किंवा कन्सीलर कुणालाही चढवू देऊ नका, हे करवलीला आधीच बजावून ठेवा, कारण त्या वेळी हातात कॉम्पॅक्ट घेऊन मदतीला येणाऱ्या मावश्या-काकूंना तुम्ही स्वतः नाही म्हणू शकणार नाही.